पाय मोडला, पगाराचं काय?

मुळशी म्हटलं की आपल्याला ताम्हिणीचा पाऊस, धरणाकाठची गरमागरम भजी आणि फार तर 'मुळशी पॅटर्न' आठवतो. पण बॉस, रोज सकाळी तुम्ही ज्या गेटवर कार्ड स्वाइप करता ते हिंजवडी, फेज थ्रीचं माण आणि पीजीवालं मारुंजी, हे सगळं मुळशी तालुक्यातच येतं. आणि तिथे पोचायचं म्हणजे भूमकर चौक! कधी ना कधी मनात येतंच, इथे बाइक घसरली आणि पायाला प्लास्टर पडलं तर दोन महिन्यांचा पगार कोण देणार?

'मेडिक्लेम आहे ना!' आहे की. पण तो हॉस्पिटलचं बिल भरतो, फ्लॅटचा हप्ता नाही.

आधी एक गोष्ट ऐका, आपल्याच राज्यातली. २२ एप्रिल २००३. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटरसायकलवरून निघाला. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो गेला. आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये भरपाई मंजूर केली. २०११ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली, कारण माणूस कामावर पोचलाच नव्हता! सुप्रीम कोर्टाने २९ जुलै २०२५ रोजी ती परत दिली. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातसुद्धा कामामुळे झालेला धरता येतो, फक्त वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. बावीस वर्षं लागली या एका वाक्याला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तर हे सरळ लिहूनच ठेवलंय. म्हणजे ड्युटीला जाताना वाकडच्या पुलावर पडलात तर मुद्दा मांडता येतो. ऑफिस सुटल्यावर बाणेरला बर्थडे पार्टी करून रात्री बाराला पडलात, तर अवघड आहे.

आता पैशांचं बघू. इथे खरी गंमत आहे, आणि ती आपल्यावरच आहे.

तुमच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांचा पगार समजा १८,००० आहे आणि त्यांचा ईएसआय कापला जातो. (२०१७ मध्ये ही मर्यादा २१,००० झाली.) काका ड्युटीवर जिन्यावरून पडले, तर डॉक्टर फिट म्हणेपर्यंत त्यांना पगाराच्या साधारण ९० टक्के, म्हणजे महिन्याला १६,२०० च्या आसपास मिळतात, तेही थेट महामंडळाकडून. नुसतं आजारपण असेल तर ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत.

आणि तुम्ही? ८०,००० वाले? ईएसआयमध्ये तुम्ही बसत नाही. उरतो नुकसानभरपाईचा कायदा. कुठल्या कामाची माणसं त्यात बसतात याची वेगळी यादी, म्हणजे पहिला वाद तिथेच. बसलात तरी दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के, आणि २०२० मध्ये केंद्राने हिशेबासाठी पगार धरला कमाल १५,०००. करा गुणाकार. महिन्याला ७,५००! काकांच्या निम्मेसुद्धा नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हक्काच्या कॅज्युअल लीव्ह आठ. बाकी बरंचसं कंपनीच्या पॉलिसीवर. तेव्हा पुढच्या वेळी एचआरकडे पिकनिकची चौकशी करायला जाल तेव्हा एवढं विचारा: ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी आहे का, आणि तिच्यात घरी बसल्याचे आठवड्याला किती मिळतात? बऱ्याच जणांना ही रक्कम प्लास्टरमध्येच कळते. आणि अपघात झालाच तर त्याच दिवशी मेल टाका. 'बरा झाल्यावर सांगू' म्हणणाऱ्याच्या सुट्ट्या आधी कापल्या जातात, मग एलओपी लागतो.

याच तालुक्यात, पिरंगुटजवळच्या उरवडे गावात ७ जून २०२१ ला एका केमिकल कंपनीत आग लागली. सतरा कामगार गेले, बहुतेक बायका. राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. पण ती मदत झाली. हक्काची भरपाई वेगळी असते, आणि ती कागदावर नाव असेल तर सुरळीत मिळते. नाव नसेल तर, 'ही आमची कामगारच नाही' इथपासून भांडण सुरू.

म्हणून गेटवरच्या काकांकडे एकदा त्यांची सॅलरी स्लिप मागून बघा. १८,००० वर ईएसआयचे कापले जातात १३५ रुपये. काकांची त्यावरून कुरकुर असते. तुम्ही फक्त बघा, त्या १३५ रुपयांसमोर त्यांचा विमा नंबर आहे का. नसेल, तर पैसे नुसतेच कापले जातायत का हे एजन्सीला विचारायला त्यांच्यासोबत जा.