खोडावर फुलणारी बाग

भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, रमतगमत चालायचं आणि तिकीट काढून राणीच्या बागेत शिरलं की आधी पेंग्विनकडे धावायचं नाही. माझ्याबरोबर येणाऱ्या भाचरांना ही एकच अट असते. २०१६ साली दक्षिण कोरियातून आलेले हंबोल्ट पेंग्विन १६ ते १८ अंशांच्या गारव्यात दुपारीही पोहत असतात. कैलासपतीचं फूल मात्र सकाळीच गाठावं. तेव्हा त्याचा वास दहा पावलांवरून येतो.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती लालबागच्या मावशीमुळे. मे महिन्यात ती आम्हा पोरांना हत्ती दाखवायला न्यायची. दशम्या खायला आम्ही एका झाडाखाली बसलो, तेव्हा तिच्या पदरात टप्पकन फूल पडलं. तिने पाकळ्या बाजूला सारून दाखवलं, "ही बघ पिंड, आणि हा वर नागाचा फणा." त्या दिवशी हत्ती पाहिला की नाही, मला आठवत नाही. फूल आठवतं. त्यानंतर पस्तीस वर्षं मी या बागेत येते आहे.

फूल पडलेलं असेल तर जरूर उचलून घ्या. सहा जाड, मांसल पाकळ्या, आतून गुलाबी-लाल. मधल्या चकतीभोवती पुंकेसरांचं बारीक कडं असतं. त्या कड्याच्याच एका बाजूने एक पट्टी निघते, वळून चकतीवर झुकते आणि तिलाही केसर असतात. हाच मावशीचा फणा. गंमत अशी की परागकण दोन्हीकडे असतात, पण रुजणारे फक्त कड्यातले. फण्यातले परागकण म्हणजे भुंग्या-मधमाश्यांसाठी मांडलेलं पान. माशी फण्यातलं खात असताना तिच्या पाठीला कड्यातले परागकण लागतात आणि ती पुढच्या फुलाकडे जाते. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे त्याला शिवाचं नाव मिळालं आणि ते देवळांच्या आवारात जाऊन बसलं.

ही फुलं शेंड्याला येत नाहीत. खोडातूनच दोरखंडांसारख्या फांद्या लोंबतात आणि त्यांवर फुलं लागतात. पुढे तिथेच नारळाएवढी तपकिरी फळं धरतात. एकदा माळीदादांनी पडलेलं फळ दगडाने फोडून दिलं. आतला पांढरा गर बघता बघता निळसर झाला आणि असा वास सुटला की भाची पदपथापर्यंत पळाली. एवढं जड फळ बारीक डहाळीला कसं पेलणार? कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. फणस बुंध्याला का लगडतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. उंबराचंही तेच. शिवाय दाट जंगलात वटवाघळाला पानांच्या गर्दीपेक्षा उघडं खोड सोयीचं पडतं.

इतिहास थोडक्यात सांगते. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने बाग सुरू झाली, १८७३ मध्ये महापालिकेकडे आली आणि आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्राणी पुढे आले. मूळ ही वनस्पतींची बाग. तीन हजारांच्या आसपास झाडं आणि पावणेतीनशेहून अधिक जाती इथे आहेत. बागेचं रूप पालटायच्या योजना आल्या तेव्हा काही नागरिकांनी चिकाटीने या झाडांची बाजू लढवली. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, असं मी मानते.

थंडीत आलात तर उर्वशी चुकवू नका. लांब देठांवर उलटी टांगलेली लाल फुलं, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. ब्रह्मदेशात ही फुलं बुद्धमूर्तीला वाहत. तिला बी क्वचितच धरतं, म्हणून झाड फार कमी ठिकाणी दिसतं. गोरखचिंचेला मात्र प्रत्येक मुलाला मिठी मारायला लावावी. हात पुरत नाहीत.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. आतली मातीची चित्रं सावकाश बघावीत, पण मला ओढ असते ती आवारातल्या दगडी हत्तीची. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तोच हा. इंग्लंडला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला, आणि १९१४ साली तुकडे सांधून इथे उभा केला. सांधे बोटांना लागतात. काळा घोडा चौकातला खरा काळा घोडाही १९६५ पासून इथेच आहे.

परतताना मी मेणबत्तीच्या झाडापाशी थांबते. पनामाकडचं हे झाडही खोडावरच फुलतं, आणि त्याची पिवळसर, गुळगुळीत फळं थेट बुंध्याला मेणबत्त्यांसारखी लोंबतात. फुलं उमलतात रात्री, वटवाघळांसाठी. संध्याकाळी शिट्ट्या वाजतात, फाटक बंद होतं, त्यामुळे इतक्या वर्षांत मी ते उमलताना पाहिलेलं नाही. गेल्या खेपेला निघताना बुंध्यावर एक फुगीर, हिरवट कळी होती. भाचीने तिला हात न लावता नाक जवळ नेलं आणि म्हणाली, "मावशी, ही आज रात्री उघडणार."