छप्पर उडाल्यानंतर
डॉमिनिका बेटावरील कालिनागो समाज आणि मदतीचे दुसरे पर्व



वादळानंतरची छायाचित्रे आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. विमानातून उतरणारी खोकी, पाण्यासाठी लागलेली रांग, मोडक्या घरावर ताणलेली निळी ताडपत्री. ही मदत मोलाचीच असते. पण दोन वर्षांनी त्याच घरात पाऊस गळतो आहे की नाही, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. चक्रीवादळानंतर एक आदिवासी समाज पुन्हा उभा राहतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्यात धर्मादाय संस्थांचे काम कोठे सुरू होते व कोठे संपायला हवे, हे या लेखात समजून घेऊ.

बेट आणि त्यावरील लोक

डॉमिनिका हा कॅरिबियन समुद्रातील सुमारे 750 चौरस किलोमीटरचा डोंगराळ बेट-देश आहे. (डॉमिनिकन रिपब्लिक हा देश वेगळा.) लोकसंख्या साधारण सत्तर हजार. कोलंबसाला हे बेट 3 नोव्हेंबर 1493 रोजी दिसले. तो दिवस रविवारचा, म्हणून त्याने त्याला रविवारचेच नाव दिले. पण तेथे त्याच्या कितीतरी आधीपासून कालिनागो लोक राहत होते. युरोपीय लोक त्यांना ‘कॅरिब’ म्हणत, आणि त्यावरूनच त्या समुद्राला नाव पडले.

पुढच्या शतकांत कालिनागो लोक बेटाच्या पूर्व किनाऱ्याकडील कड्यांवर रेटले गेले. 1903 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने त्यांच्यासाठी सुमारे 3,700 एकर जमीन राखून ठेवली. आज त्या प्रदेशात तीन हजारांच्या आसपास लोक राहतात. ते आपला प्रमुख आणि परिषद निवडून देतात. लारूमा नावाच्या वेतासारख्या वनस्पतीच्या टोपल्या विणतात, कसाव्याची भाकरी भाजतात, गोमिये वृक्षाचे खोड कोरून होड्या करतात. सालिबिया गावच्या कॅथॉलिक चर्चमध्ये वेदीसुद्धा होडीचीच आहे.

एका रात्रीत

18 सप्टेंबर 2017 च्या रात्री ‘मारिया’ चक्रीवादळ डॉमिनिकावर धडकले. जेमतेम एका दिवसात ते पहिल्या श्रेणीतून पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेले होते. त्यामुळे तयारीला वेळच मिळाला नाही. वाऱ्याचा वेग ताशी 260 किलोमीटरच्या वर होता. खुद्द पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या घराचे छप्पर उडाले आणि त्यांनी तशा अवस्थेतच फेसबुकवरून जगाला कळवले. बेटावरील सुमारे नव्वद टक्के छपरांचे नुकसान झाले. दरडी आणि पडलेल्या झाडांनी रस्ते बंद झाले, फोन बंद पडले. नंतर झालेल्या पाहणीत एकूण हानी देशाच्या 2016 च्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या 226 टक्के भरली. सव्वादोन वर्षांची सगळी कमाई एका रात्रीत गेली, असे म्हणा. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट 2015 मध्ये, ‘एरिका’ वादळाच्या पावसाने हेच बेट धुऊन काढले होते.

अशा वेळी चर्चशी जोडलेल्या संस्था लवकर कामाला लागू शकतात, कारण त्यांचे लोक आधीपासून गावात असतात. कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे, कोणती बाळंतीण अडकली आहे, हे तेथील धर्मगुरूला आणि महिला मंडळाला यादी न करताच ठाऊक असते. मारियानंतर कॅथॉलिक चर्चची कॅरिटास, ॲड्व्हेंटिस्ट मंडळीची ॲड्रा आणि सॅमॅरिटन्स पर्स अशा संस्था डॉमिनिकात मदतीला उतरल्या.

छप्पर का उडते?

ताडपत्री काही महिने टिकते. चक्रीवादळाचा हंगाम मात्र दर वर्षी जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असतोच. म्हणून खरा प्रश्न छपराचा.

वारा छप्पर खाली दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो ते वर ओढतो. उतारावरून जोराने जाणारी हवा पत्र्याला वरच्या बाजूने खेचते. सर्वांत जास्त ओढ कडांना आणि आढ्याजवळ बसते. त्यातच एखादी खिडकी फुटली की आत शिरलेला वारा खालूनही रेटा देतो. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला पत्रा अशा वेळी सुटतो, आणि मग मागोमाग वासेही जातात.

उपाय फार महाग नाहीत, पण ते नीट करावे लागतात. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि कडेला ते जवळजवळ बसवावेत. प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या तुळईला आणि तुळई भिंतीला जखडावी. दोन उतारांपेक्षा चार उतारांचे छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते. वळचण फार पुढे काढू नये. पडवीचे छप्पर घराच्या छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे ते उडाले तरी घर वाचते. हे एकदा गावातल्या सुतारांना शिकवले की संस्था निघून गेल्यावरही ज्ञान गावात राहते. पत्रे वाटण्यापेक्षा हे काम संथ आहे. फोटोत ते दिसतही नाही.

कर्ज कोण देणार?

कालिनागो प्रदेशाची जमीन साऱ्या समाजाची आहे. कुटुंबाला घर बांधता येते, शेती करता येते, पण ती जमीन विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. या नियमामुळेच ती आजवर त्यांच्या हातात राहिली. पण याच नियमामुळे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेपुढे तारण ठेवायला काही नसते. बेटावरील इतर कुटुंबांना जो मार्ग निदान कागदावर खुला असतो, तो येथे बंद. समाजाला वाचवणारी व्यवस्था मोडायला न सांगता घर उभे करायचे, तर पैसा सरकारकडून किंवा देणगीतून यावा लागतो. धर्मादाय संस्थेची खरी गरज येथे आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यात हा प्रश्न दुसऱ्या रूपाने दिसतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ तेथे धडकले, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. याच जिल्ह्यातल्या अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाने पक्के घर कोणत्या भरवशावर बांधायचे? वादळ सगळ्यांवर सारखे येते. सावरणे मात्र जमिनीच्या कागदावर अवलंबून असते.

मदत आणि श्रद्धा

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. भुकेल्या, बेघर माणसाला दिलेल्या मदतीला कोणतीही अट नसावी. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपत्तीतील मदतीसाठी आचारसंहिता केली. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि जागतिक चर्च परिषद याही होत्या. मदत गरज पाहून द्यावी, वंश किंवा पंथ पाहून नव्हे, ती धर्ममत पुढे रेटण्यासाठी वापरू नये, आणि स्थानिक संस्कृतीचा मान राखावा, असे त्यात म्हटले आहे. आपली श्रद्धा आपल्याला मदतीला धाडते. मदत घेणाऱ्याकडून तिने काही वसूल करायचे नसते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने जखमा बांधल्या, एवढेच आपण बहुधा आठवतो. पण तो तेथे थांबला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, पुढच्या खर्चाचे पैसे दिले, आणि परत येताना उरलेला हिशेब चुकता करण्याचा शब्द दिला. जखम बांधणे ही ताडपत्री. परत येण्याचा शब्द म्हणजे पुढच्या वादळात टिकणारे छप्पर.

पुढच्या वेळी एखाद्या वादळग्रस्त गावासाठी देणगी देताना संस्थेला एवढेच विचारा: दोन वर्षांनी तुम्ही तेथे परत जाणार आहात का?