फ्लोट ट्यूबसाठी वेडर्स: हवा नव्हे, पाणी मोजा

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. फ्लोट ट्यूबमध्ये बसून तळ्यात मासे धरायचे, तर कोणत्या ऋतूत कोणते वेडर्स घालायचे?

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. फ्लोट ट्यूब म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची, हवा भरलेली बैठक. तिच्यात बसलं की पाय आणि बैठकीचा भाग पाण्यात, हात गळ टाकायला मोकळे. पायांत पोहणारे लावतात तसली फिन्स. ती मारत आपण पाठीच्या दिशेनं सरकत राहायचं. वल्हं नाही, मोटर नाही. आणि वेडर्स म्हणजे पावलांपासून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार.

माझी मुलगी सिॲटलजवळ राहते. तिच्याकडे गेलो की माझा मुक्काम तळ्यांवर. ट्राउट धरायला मी शिकलो काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये, पण ते नदीत उभं राहून. त्यामुळे वेडर्समधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा समज होता. तो पूर्व वॉशिंग्टनमधल्या लेनिस तळ्यावर उतरला.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. लख्ख ऊन, हवा २० अंशांच्या आसपास. मी पातळ ब्रीदेबल वेडर्स चढवले, आत साधी सुती पँट. दोन तास मजेत गेले, तीन ट्राउट मिळाले. मग वारा सुटला. परतायचं म्हणून फिन्स मारायला लागलो, तर पाय हुकूमच ऐकेनात. दुखत नव्हते, थरथरत नव्हते, नुसते लाकडासारखे झाले होते. वाऱ्यानं मला समोरच्या काठावरच्या बोरूत नेऊन टाकलं. तिथं उभा राहायला गेलो आणि गुडघ्यांवर पडलो. नंतर थर्मामीटर पाण्यात धरला, तर ९ अंश. तो सकाळभर माझ्या खिशातच होता! रेकी न करता चढाई करणाऱ्या सेकंड लेफ्टनंटला मी जे ऐकवलं असतं, ते त्या दिवशी स्वतःला ऐकवलं.

चूक कुठं झाली ते बघा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट उष्णता वाहून नेतं. नदीत आपण चालतो, पाय हलते राहतात, मध्येच काठावर येतो. ट्यूबमध्ये मात्र तासन्‌तास बसून असतो. आणि पाय हेच तुमचं इंजिन. ते गारठलं की नुसती थंडी वाजत नाही, परतीचा रस्ताच बंद होतो. म्हणून ऋतू कॅलेंडरवर बघू नका, पाण्यात बघा. वसंतात हवा आधी तापते, तळं फार मागून. शरदात उलटं होतं, हवा गार पण पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते.

आता कापड. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे भरलेलं रबर. ते स्वतःच ऊब धरतं. हिवाळ्यात पाणी ४-५ अंशांवर असताना ५ मिलिमीटरचं निओप्रीन मला अजूनही सगळ्यांत भरवशाचं वाटतं. वसंताला ३ मिलिमीटर पुरतं. तोटा असा की घाम आतच राहतो आणि तळ्यापर्यंत मैलभर चालायचं असेल तर जीव नकोसा होतो.

ब्रीदेबल कापड घामाची वाफ बाहेर जाऊ देतं, पण त्याला स्वतःची ऊब जवळजवळ शून्य. ऊब द्यायची ती आतल्या कपड्यांनी. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीसची पँट. सुती काही नको, सुतात ओल मुरते आणि तिथंच बसते. हे फौजेत बर्फात शिकलेलं, आणि तरीही त्या दिवशी मी सुती पँट घातली. मोजे जाड हवेत, घट्ट नकोत. पावलाचं रक्त अडलं तर लोकर काय करणार? एकच जोडी घ्यायची तर ब्रीदेबल घ्या आणि थर बदलत राहा.

भर उन्हाळ्यात सखल भागातली तळी विशीच्या वर तापतात. तेव्हा झटपट वाळणारी पँट आणि निओप्रीनचे मोजे पुरतात. मात्र एवढ्या कोमट पाण्यात ट्राउटला आधीच धाप लागलेली असते, सोडून दिलेला मासाही मरतो. त्या दिवसांत मी बास धरतो.

काश्मीरच्या विशनसरसारख्या उंचावरच्या तळ्यात भर जुलैतही बर्फाचंच पाणी असतं. तिथं ट्यूब न्यायची तर आधी मत्स्य विभागाचा परवाना आणि परवानगी घ्या. ओझं पाठीवर वाहायचं असतं, म्हणून तिथं ब्रीदेबल आणि आत दोन थर.

विकत घेताना वेडर्स घालून खुर्चीत बसा आणि गुडघे छातीकडे ओढा. जांघेत शिवण ताणली तर ते परत ठेवा. ट्यूबवाल्यांचे वेडर्स तिथंच आधी गळतात. बूट जोडलेले घेऊ नका, फिन्समध्ये जात नाहीत. मोजेवाले घ्या, आणि फिन्स घेताना ते पायात घालूनच मापा. साठीच्या पुढच्या पुरुषांनी समोर चेन असलेलेच घ्यावेत. कारण सांगत बसत नाही.

वेडर्समध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा बुडतो, असं म्हणतात. ते खरं नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. ली वुल्फ या अमेरिकन मच्छीमारानं हे दाखवायला वेडर्स घालून पुलावरून उडी मारली होती. पण थंड पाणी आत भरलं की ऊब जाते आणि काठावर चढताना तेच पाणी मणभर होतं. म्हणून छातीखाली पट्टा घट्ट बांधा आणि लाइफ जॅकेट अंगातच ठेवा, ट्यूबच्या खिशात नको.

घरी आल्यावर आधी आतली बाजू वाळवा, मग बाहेरची, आणि तीही सावलीत. कोकणात, केरळात पावसाळ्यात पेटीत घडी घालून ठेवलेत तर बुरशी येईल. सैलसर टांगून ठेवा.