दिवसाचा पोशाख : कफ्तानापासून गाऊनपर्यंत



‘कफ्तान’ हा शब्द अलीकडे आपल्या वरच्या वर्गांतील मुलींच्या बोलण्यात वरचेवर येतो. दुकानांतून ‘विंटेज कफ्तान’ अशी पाटीही दिसते. हा कफ्तान आणि घरी आई घालते तो गाऊन एकच का, असे नववीच्या मुलींनी आम्हास विचारले. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर बरेच लांबवर जाते.

प्रथम ‘विंटेज’ शब्दाविषयी. हा मूळचा द्राक्षाच्या मद्याचा शब्द. मद्य कोणत्या वर्षीच्या द्राक्षांचे आहे, हे तो सांगत असे. कपड्यांच्या व्यापारात साधारणपणे वीस वर्षांहून जुन्या, पण शंभरी न गाठलेल्या कपड्याला विंटेज म्हणतात. आज नवा शिवलेला, केवळ जुन्या नमुन्याचा कफ्तान विंटेज होत नाही.

कफ्तान मूळचा इराण-तुर्कस्तानकडचा. लांब, सैल, बाह्यांचा आणि समोरून उघडा असा हा अंगरखा. तो पुरुषही घालीत. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांचे रेशमी व मखमली कफ्तान इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. सुलतान वारला की त्याचे कपडे गाठोड्यात बांधून, नावाची चिठ्ठी लावून खजिन्यात ठेवण्याची तेथे रीत होती. दरबारात मान म्हणून असे झगे बहाल केले जात. त्यालाच ‘खिलत’ म्हणतात. आपणा ग्वाल्हेरकरांना हा शब्द परका वाटू नये. १७९२ साली महादजी शिंदे यांनी दिल्लीच्या बादशहाकडील ‘वकील-इ-मुतलक’ पदाची फर्माने व खिलत पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण केली, हे आपण इतिहासात वाचतोच.

दरबारी कफ्तान जपले गेले, कारण ते राजाचे होते. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईचा पोशाख मात्र कोणी जपला नाही. तो विरला, त्याचे पोतेरे झाले आणि संपला. तरीही बायकांचे दिवस कसे बदलत गेले, हे त्या पोशाखावरूनच अधिक कळते.

अमेरिकेची दोन उदाहरणे पाहू. १९१६ साली कॅन्सस सिटी येथे नेल डॉनेली या बाईने गृहिणींसाठी गुलाबी चौकडीचा, घरकामाचा पण नीटनेटका पोशाख शिवून एक डॉलरला विकावयास ठेवला. २१६ नगांचा पहिला माल एका दिवसातच संपला. घरात काम करणाऱ्या बाईलाही बरे दिसावेसे वाटते, एवढे त्या ओळखून होत्या. पुढे १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, कामवाल्या बायका कारखान्यांकडे वळल्या आणि मालकिणींवर स्वतः स्वयंपाक करण्याची वेळ आली. तेव्हा क्लेअर मॅकार्डेल यांनी ‘पॉपओव्हर’ नावाचा सैल, गुंडाळून बांधण्याचा पोशाख काढला. किंमत ६.९५ डॉलर, आणि सोबत गरम भांडे धरण्याचा हातमोजाही!

युद्धानंतर चक्र उलटे फिरले. १९४७ मध्ये पॅरिसच्या ख्रिश्चन दिओर यांनी आवळलेल्या कंबरेचा पोशाख आणला. पुढील पिढीला तो जाचू लागला आणि तिचे लक्ष पूर्वेकडील सैल कपड्यांकडे गेले. जेरूसलेममध्ये जन्मलेल्या व दमास्कसमध्ये वाढलेल्या थिया पोर्टर यांनी १९६६ साली लंडनच्या सोहो भागात दुकान उघडले. गृहसजावटीच्या कापडांबरोबर त्या जुने अरबी कफ्तानही विकत. तरुण गिऱ्हाइकांनी ते इतके उचलले की, जुने पुरेनासे झाल्यावर बाईंनी नवे शिवावयास घेतले. त्या काळचे हे कफ्तान आज खरे विंटेज ठरतात. १९७० च्या दशकात हिंदी चित्रपटांतील नायिकांच्या अंगावर कफ्तान दिसू लागला, तो याच लाटेतून.

आता मुलींच्या प्रश्नाचे उत्तर. कफ्तानाची बेतणी सरळ असते. आपल्याकडे शिवतात त्यात कापड खांद्यावर दुमडायचे, गळा कापायचा, दोन्ही बाजूंना शिवण घालायची. बाही वेगळी जोडावी लागत नाही आणि कापड वाया जात नाही. गाऊनला छातीपाशी योक, त्याखाली चुण्या आणि वेगळी बाही असते. म्हणजे दोन्ही एक नव्हेत. तरी दोहोंचे काम एकच, अंगाला न आवळता दिवसभर वावरू देणे.

आपल्या मराठी घरांतही हेच घडत आले आहे. नऊवारीला कासोटा असे, त्यामुळे वाकणे, चढणे, भराभर चालणे सोपे जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचवारी, म्हणजे गोल पातळ, शहरांतून रूढ होऊ लागले तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली. आज तीच पाचवारी आपणास शालीन वाटते. पुढे सलवार-कुर्ता आला, गाऊन आला. दर वेळी आधी टीका झाली आणि मग सवय झाली.

हे सर्व लिहिण्यास एक कारण आहे. सकाळी गाऊनवर दुपट्टा घेऊन मुलांना फाटकापर्यंत सोडावयास येणाऱ्या मातांना शाळेने सूचना द्यावी, असे काही पालकांनी सुचविले. त्यावर शिक्षक कक्षात चर्चा झाली, आणि अशी सूचना न काढण्याचे आम्ही ठरविले. पहाटे उठून डबा, पाणी, मुलांची तयारी आणि म्हाताऱ्यांचे औषध उरकून ती माउली सातच्या आत फाटकाशी पोहोचते. तिच्या पोशाखात तिची सकाळ दिसते. सभेस, वार्षिकोत्सवास ती कशी येते, हे आपण पाहतोच.

विद्यार्थ्यांसाठी या महिन्याचा उपक्रम असा. आजीला किंवा शेजारच्या वृद्ध बाईंना विचारा : लग्नाच्या नव्हे, रोजच्या कामाच्या वेळी तुम्ही काय नेसत होतात? तो कपडा कोठून आणला, कोणी शिवला, कोणते काम करताना तो सोयीचा वा गैरसोयीचा वाटे? उत्तर एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. असा एखादा कपडा घरी असेल तर बोहारणीला देण्यापूर्वी थांबा. धुतलेल्या सुती कापडात तो गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जरी असल्यास घडी अधूनमधून बदला. सोबत आजीचे नाव व अंदाजे साल लिहून एक चिठ्ठी ठेवा.

सुलतानाच्या गाठोड्याला चिठ्ठी होती. आपल्या आजीच्या लुगड्यालाही असावी.