कबड्डीचा हंगाम अर्ध्यावर आला, संघाची पाहणी केलीत का?

दिवाळीनंतर सुरू झालेला कबड्डीचा हंगाम संक्रांत मागे पडली की निम्म्यावर येतो. पुढे गावोगावच्या यात्रा लागतात आणि वैशाखापर्यंत सामने चालतात. लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर, वालचंदनगर या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात हाच काळ ऊसतोडीचा. पोरं पहाटे धारा काढतात, दिवसभर रानात नाहीतर कामावर असतात आणि दिवेलागणीला मैदानावर येतात. पगार नाही, प्रशिक्षक नाही, सगळा हौसेचा मामला. अशा संघाला मध्येच थांबून, कोण कसा खेळतोय हे बघायची सवय नसते. सामना हरला की रात्री पारावर एकाच्या नावाने खडे फोडायचे, एवढीच काय ती पाहणी. मग तो गडी चार दिवस मैदानाकडे फिरकत नाही.

उसाचे असे आपण करतो का? बांधावरून ऊस नेहमीच दाट दिसतो. आत शिरून, सरी धरून, ऊस मोजल्याशिवाय उतारा किती पडेल ते कळत नाही. पीक कापणी प्रयोगातसुद्धा प्लॉट कुठला घ्यायचा हे शेतकऱ्याच्या किंवा कृषी सहायकाच्या मर्जीवर ठेवलेले नसते. चांगला तुकडा बघून कापला तर आकडा खोटा येतो. संघाचेही तेच आहे. जिंकलेला, गाजलेला एकच सामना धरून मत बनवू नका. सलग तीन-चार सामने घ्या. त्यात एखादा सपाटून हरलेलाही येऊ द्या.

यासाठी दहा-वीस रुपयांची वही पुरते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे चढाया किती, गुण किती, रिकामा किती वेळा आला, पकडला किती वेळा गेला एवढे लिहायचे. पकड करणाऱ्यापुढे किती वेळा हात घातला आणि त्यातल्या किती पकडी लागल्या, एवढेच.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका गड्याने सामन्यात 14 चढाया केल्या, 6 गुण आणले, 5 वेळा पकडला गेला. दुसऱ्याने 10 चढायांत 4 गुण आणले आणि एकदाच पकडला गेला. लाऊडस्पीकरवर नाव पहिल्याचेच गाजणार, बक्षिसाची नोटही त्यालाच लागणार. पण त्याने 6 गुण आणून 5 समोरच्याला दिले, हाती राहिला एक. दुसऱ्याने 3 गुण शिल्लक टाकले. शिवाय पहिला पाच वेळा बाहेर बसला. तो आत येईपर्यंत संघ एक गडी कमी घेऊन खेळला, आणि तो आत आला तो दुसऱ्या कुणीतरी गडी मारला किंवा पकड केली म्हणून. हे 'कुणीतरी' वहीत सापडते, पारावर सापडत नाही.

बोनसचाही हिशेब वेगळा ठेवा. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषेपलीकडे पाय टाकून आलेला गुण खराच आहे, पण बोनसच्या गुणावर आपला बाहेर बसलेला गडी आत येत नाही. आपले चार गडी बाहेर असताना जो नुसते बोनस गोळा करत बसतो, त्याच्या नावावर गुण दिसतात आणि संघावर लोण चढतो.

रिकामी चढाई म्हणजे फुकट, असेही समजू नका. चढाईला 30 सेकंद मिळतात. आघाडी असताना शांतपणे तीस सेकंद काढून सुखरूप परत येणारा गडी सोन्यासारखा. मात्र जिथे तिसऱ्या चढाईचा नियम लावतात, तिथे दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर गडी बाद. ही तिसरी चढाई कोणाच्या गळ्यात पडते ते वहीत खुणेने लिहा. बऱ्याच संघांत ती नेहमी एकाच पोराच्या वाट्याला येते, आणि मग 'तो फार वेळा बाद होतो' असा ठपकाही त्याच्यावरच बसतो. त्याच्या बाद होण्याला सामान्य चढाईचे माप लावणे न्यायाचे नाही.

मोठ्या मैदानावरही हेच दिसते. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे होते. विजेतेपद मात्र मार्च 2024 मध्ये पुणेरी पलटणने नेले. पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे चढाया वाटून घेणारे गडी होते, आणि बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता. हंगामातल्या सर्वाधिक पकडी त्याच्याच नावावर होत्या. एकाच्याच मांडीवर सगळा भार टाकणारा संघ एका दुखापतीत झोपतो, हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको.

पकडीच्या बाबतीत वही थोडी फसवते, तेव्हा इथे डोळे उघडे ठेवा. कोपऱ्यावरच्याने घोटा धरला की नाव त्याचे लागते. पण शेजारच्याने साखळी सोडली नाही, मध्यरक्षकाने वेळेवर येऊन वाट अडवली, म्हणून ती पकड लागली. त्याचे नाव कोण घेतो? म्हणून 'साथ' असा एक रकाना जरूर करा. उलट, चढाईवाला अजून निदान रेषेलाही आला नाही तोच धावून जाणारा कोपरारक्षक दिसायला धाडसी दिसतो आणि दर सामन्यात चार-पाच गुण फुकट देतो. त्याला बसवायची गरज नाही. 'तो पाय आत टाकेपर्यंत थांब' एवढे एकच काम सरावात आठवडाभर द्यावे. आणि तीन किंवा कमी गडी मैदानात असताना जी पकड लागते, तिला अव्वल पकड म्हणून दोन गुण मिळतात. ती कोण करतो, हे लाल पेनाने लिहा. तो गडी संकटातला आहे.

आता थोडे कडू बोलतो. गावचा संघ निवडताना भावकी आड येते. सातात दोन या वाड्याचे, दोन त्या वस्तीचे, एक वर्गणी देणाऱ्याचा पुतण्या, अशी वाटणी होते आणि खरा पकडीचा गडी राखीव पाचांत बसतो. सरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष यांनी इथे आपले वजन वापरू नये, हे आदरपूर्वक सांगतो. वही असली की तोंडावर बोलायची वेळ येत नाही. आकडे सगळ्यांसमोर असतात आणि कर्णधाराची मान सुटते.

आकड्यामागे माणूस आहे, हेही बघा. एखाद्याचा खेळ जानेवारीत एकदम पडला, तर आधी त्याच्या घरची चौकशी करा. शेतीची लाईट रात्रीची आहे का? रात्री दोनला दारं धरणारा पोरगा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दम कुठून आणणार? वजनी गटात बसायचे म्हणून दोन-दोन दिवस उपाशी राहणारी पोरंही आहेत. त्यांचे पाय मध्यंतरानंतर चालत नाहीत, आणि आपण म्हणतो, 'जिगर नाही.'

सर्वात मोठी गोष्ट गुडघ्याची. पकडीत गुडघा मुरगळला, आत कट्ट असा आवाज आला, सूज चढली, की आपण तेल लावतो, चोळतो, पट्टा आवळतो आणि उपांत्य फेरीला उतरवतो. असे करू नका. आतला स्नायुबंध तुटला असेल तर चोळून तो जुळत नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगेपर्यंत त्या गड्याला मैदानावर आणू नये. हंगामाच्या मध्यावर प्रत्येकाला उठाबशा काढायला सांगा, एका पायावर उभे करा. जो तोंड वाकडे करील तो खरे सांगत नाही, असे समजा. त्या पोराला याच पायांनी पुढे पस्तीस-चाळीस वर्षे सऱ्यांतून चालायचे आहे. यात्रेचा चषक त्यापुढे काही नाही.

आणखी एक. बारावी झालेली पोरं खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरी मिळेल या आशेने खेळतात. त्यांना खरे सांगा, की त्यासाठी शासनाने ठरवून दिलेल्या अधिकृत स्पर्धांचीच प्रमाणपत्रे चालतात, यात्रेतल्या ढालीचा तिथे उपयोग नाही. ज्याच्यात ती धमक दिसते, त्याला जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीला पाठवा, मग आपल्या संघाचा एखादा सामना बुडाला तरी चालेल.

पाहणी झाली की ती सांगायची कशी? पारावर नको, चहाच्या टपरीवर तर नकोच. सरावानंतर एकेकाला बाजूला घ्या आणि आधी त्यालाच विचारा, 'तुझं तुला काय वाटतं?' बहुतेक पोरांना आपली चूक माहीत असते. मग वही दाखवा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. चांगले काय झाले, ते कर्णधाराने सगळ्यांसमोर सांगावे.

जागा बदलून बघायची असेल तर ती आत्ताच, यात्रेच्या सामन्यांआधी. सरावात दोन संध्याकाळी उजव्या कोपऱ्याचा डावीकडे, तिसऱ्या चढाईला नेहमीच्या गड्याऐवजी दुसरा, असे करून पाहा. जमले नाही तर पूर्ववत करायला वेळ आहे. आणि वही लिहायचे काम राखीव पाचांपैकी एकाकडे द्या. नुसते जर्सी घालून बसण्यापेक्षा त्याला चाळीस मिनिटे खेळ नीट बघावा लागेल, आणि आत जायची वेळ आली की समोरचा कोपरा कधी उडी घालतो हे त्याला आधीच ठाऊक असेल.