टक्क्यांचे पाणी आणि होडीखालचे पाणी

(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळा आला की आपल्या सोलापुरात पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात, "उजनी किती टक्के?" माझे मामा करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी राहतात आणि होडीतून चिलापी, कटल्याची मासेमारी करतात. त्यांना मी एकदा मोठ्या ऐटीत त्या दिवशीची टक्केवारी सांगितली. (घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच मुलगा, तेव्हा थोडी ऐट आलीच!) मामा म्हणाले, "आरं, टक्क्यावर व्हडी तरंगत न्हाय. व्हडीखाली किती पानी, ते सांग." मला सांगता आले नाही.

टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे 63 टीएमसी मृतसाठ्यात जाते. म्हणजे 'शून्य टक्के' म्हणतो तेव्हा निम्म्याहून अधिक पाणी धरणातच असते. 21 मे 2024 रोजी कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले, तेव्हा उजनी शून्याच्याही बरीच खाली, 'उण्या'त होती.

मग खोली कशी काढावी? पाण्याच्या पातळीतून त्या जागच्या जमिनीची उंची वजा करावी, दोन्ही समुद्रसपाटीपासूनच्या. धरण भरते तेव्हा पातळी 496.83 मीटर असते, शून्य टक्क्याला 491.03. पातळी रोज जाहीर होते, अडचण जमिनीची. नव्या नकाशात जलाशय म्हणजे नुसता निळा रंग. त्याखालचे गाव, ओढे, नदीचे वळण पाहायचे तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा धरणापूर्वीचा नकाशाच हवा. आमच्या सरांनी तसा एक दाखवला. पण लागोपाठच्या दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरचा फरक! तेवढ्यात आमचे सगळे शिवार बुडून जाते. शिवाय इतक्या वर्षांत तळाशी गाळ बसला, तो जुन्या नकाशाला कुठून ठाऊक असणार?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत धरण भरलेले असताना मामांबरोबर होडीत बसलो. नायलॉनची दोरी, टोकाला अर्ध्या किलोचे लोखंडी वजन, मीटरमीटरवर गाठ. दोरी भिजवून, ताणून मगच गाठी माराव्यात. कोरडीवर मारल्या तर भिजल्यावर माप चुकते. आम्ही आधी चुकलोच. वारा असेल तर दोरी तिरपी जाते आणि खोली उगीच वाढते, म्हणून सकाळी लवकर निघालो.

आजीच्या बुडालेल्या शेतावर 5 मीटर भरले. थोडे पुढे गेलो आणि दोरी सुटतच गेली : 14 मीटर. ती जुनी भीमा. मामा हसले, त्यांना ती जागा काठावरच्या दोन झाडांच्या खुणेने पाठ होती.

घरी येऊन वजाबाकी केली. शेत 491.83 वर, म्हणजे शून्य टक्के होण्याआधीच ते उघडे पडते. म्हणूनच तिथे गाळपेर करता येते. नदीचा तळ 482.83 वर, धरण 'शून्य' झाले तरी तिथे आठ मीटर पाणी उरते. मामा उन्हाळ्यात जाळे तिकडेच का नेतात, हे तेव्हा कळले. आजीने मात्र दोरी पाहून विचारले, "हिरीवर टाकली का?" ती विहीर सात परस खोल होती. तिच्या कठड्यात मामांचे जाळे दोनदा फाटले आहे, आणि पाणी उतरताना होडीही घासते. नकाशावर ती एक ठिपका आहे.

मोठ्या जलाशयांची मोजणी यंत्राने करतात. ध्वनी तळावर आपटून परत येतो तो वेळ मोजायचा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, तेव्हा आमच्या 14 मीटरला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग पुरेल. फुकटची खूणही आहे : भिगवणकडे रोहित पक्षी उभे दिसले की तिथे होडी घालू नये.

दोरी मी मामांकडेच ठेवली आहे. विहिरीवरचे माप अजून घ्यायचे राहिले आहे. तेवढ्यासाठी आजी या खेपेला होडीत बसणार म्हणते.