इमारतीही नोकरी बदलतात

जर्सी सिटीतल्या मराठी माणसाला "सध्या कुठे?" असं विचारलं तर दर दोन वर्षांनी नवं उत्तर मिळतं. क्लायंट बदलतो, प्रोजेक्ट बदलतो, कधी कंपनीच बदलते. तो ज्या इमारतीत कामाला जातो तिला हाच प्रश्न विचारला तर तिचा बायोडेटा त्याच्याहून लांब निघेल.

सुरुवात ओळखीच्या नावाने करू. हडसनच्या काठावर, पॉलस हुक नावाच्या भागात, एके काळी कोलगेटचा कारखाना होता. हो, तेच कोलगेट. आपल्याकडे जे कुठल्याही टूथपेस्टचं नाव झालंय आणि वाण्याकडे मागितलं की तो "कुठल्या कंपनीचं कोलगेट?" म्हणून विचारतो, ते. १८०६ मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेल्या या दुकानाने १८४७ साली साबण बनवण्याचं काम नदीपलीकडे, जर्सी सिटीत हलवलं. ते तिथे जवळजवळ दीडशे वर्षं राहिलं.

कारखान्याच्या छपरावर घड्याळ होतं. पहिलं १९०८ चं. ते लहान वाटलं म्हणून १९२४ मध्ये त्याहून मोठं बसवलं, व्यास ५० फूट. लंडनच्या बिग बेनची तबकडी साधारण २३ फुटांची आहे, यावरून अंदाज करा. मुंबईच्या हिशेबात सांगायचं तर या तबकडीवर चार वन बीएचके मावतील आणि बिल्डर पाच बसवेल. मिनिटकाटा जवळजवळ २६ फुटांचा आहे. दोन वॅगनआर एकामागे एक लावल्या तरी काटा थोडा उरतोच. आणि घड्याळ गोल नाही, अष्टकोनी आहे, कारण कंपनीच्या एका साबणाचं नावच 'ऑक्टॅगन' होतं. सगळ्या मॅनहॅटनने दिवसातून दहा वेळा वेळ बघायची आणि नकळत साबणाची जाहिरात बघायची. मला तरी जाहिरातीची याहून बेरकी कल्पना माहीत नाही.

मग १९०८ चं 'लहान' घड्याळ कुठे गेलं? त्याची इंडियाना राज्यात बदली झाली. क्लार्क्सव्हिल गावात कोलगेटने कारखान्यासाठी जागा घेतली होती, आणि ती होती राज्याचा जुना तुरुंग. कैद्यांच्या भिंतींमागे टूथपेस्ट आणि साबण तयार होऊ लागले.

इकडे १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्सी सिटीतला कारखाना मिटला. जागेवर काय येणार हे लोअर परळच्या माणसाला सांगायला नको. फक्त इथे मॉल आला नाही, बँक आली. २००४ मध्ये गोल्डमन सॅक्सची ४२ मजली, ७८१ फुटी इमारत उभी राहिली. पत्ता, ३० हडसन स्ट्रीट. वास्तुरचनाकार सेझार पेली, म्हणजे क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर्स ज्यांनी केले तेच. तेव्हाची न्यू जर्सीतली सर्वात उंच इमारत!

आणि तिथे यायलाच लोक तयार नव्हते. मॅनहॅटनमधल्या ट्रेडर मंडळींना इकडे आणायचं असा कंपनीचा बेत होता. मंडळींनी नाकं मुरडली आणि कंपनीने माघार घेतली. अंतर किती? एक्स्चेंज प्लेसहून वर्ल्ड ट्रेड सेंटरला नदीखालून धावणाऱ्या पाथ गाडीने चारेक मिनिटं. डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलला लोंबकळणाऱ्याने यावर काय बोलावं! पुढे गोल्डमनने मॅनहॅटनमध्येच नवं मुख्यालय बांधलं.

उंचीचा मानही २०१८ मध्ये गेला. शेजारच्या ९९ हडसन स्ट्रीटने ९०० फूट गाठले. ती ७९ मजल्यांची आहे आणि ऑफिसची नाही, राहायच्या घरांची आहे.

थोडं उत्तरेला हार्बरसाइड. आज तिथे लॅपटॉपच्या बॅगा घेऊन लोक शिरतात. मुळात ते पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं मालाचं गोदाम आणि शीतगृह. १९८०च्या दशकात गोदामाची ऑफिसं झाली आणि नाव पडलं 'हार्बरसाइड फायनान्शियल सेंटर'. (तिथल्या एसीची कुरकुर करणाऱ्यांनी शीतगृहाचा इतिहास लक्षात घ्यावा.) आता लाइट रेलच्या स्टेशनच्या नावातून 'फायनान्शियल सेंटर' गळालंय, शेजारी ६९ मजली निवासी टॉवर आलाय. कित्येक वर्षं हार्बरसाइडची मालक असलेली मॅक-कॅली ही ऑफिसांच्या धंद्यातली कंपनी. तिने २०२१ मध्ये स्वतःचं नाव बदलून 'व्हेरिस रेसिडेन्शियल' केलं. ऑफिस नको, भाडेकरू बरे!

अशी उदाहरणं गल्लोगल्ली आहेत. डिक्सन कंपनी इथे धातू वितळवायच्या मुशी आणि पेन्सिली बनवायची. अमेरिकन शाळांतली ती पिवळी टिकॉन्डरोगा पेन्सिल याच कंपनीची. त्या कारखान्यात आता लोकांचे बेडरूम आहेत. नदीखालच्या गाड्यांना वीज देणारं १९०८ चं पॉवरहाउस १९२९ मध्ये बंद पडलं, तरी आसपासच्या भागाला त्याचंच नाव आहे, 'पॉवरहाउस आर्ट्स डिस्ट्रिक्ट'. त्यातल्या 'आर्ट्स'ची गोष्ट मात्र कडू आहे. लोरिलार्डच्या जुन्या तंबाखू कारखान्यात चित्रकार-शिल्पकारांनी स्टुडिओ थाटले होते. २००५ मध्ये त्यांना बाहेर काढलं आणि नंतर इमारतही पाडली. कलावंत गेले, पाटी राहिली.

तशीच पाटी जर्नल स्क्वेअरची. इंडिया स्क्वेअरला किराणा भरायला जाताना आपण तिथेच उतरतो. हे नाव 'जर्सी जर्नल' या दैनिकाचं. दैनिकाने २०१४ मध्ये चौक सोडला आणि १ फेब्रुवारी २०२५ ला शेवटचा अंक काढला.

एवढ्या उलथापालथीत नोकरी टिकवली ती कोलगेटच्या त्या मोठ्या घड्याळाने. त्याला छपरावरून जमिनीवर यावं लागलं आणि गोल्डमनच्या इमारतीसाठी थोडं दक्षिणेला सरकावं लागलं, पण ते चालू आहे. बघायचं असेल तर जर्सी सिटीत उतरू नका. त्याचं तोंड अजून मॅनहॅटनकडे आहे. संध्याकाळी बॅटरी पार्कच्या काठावर उभे राहा, दिवे लागले की समोर दिसेल.